डाव्या बाजूची पावलं

चौथा हेडसेट घेऊन जालिंदर शिरूरहून निघाला, तेव्हाच दौंडात त्याच्या बहिणीच्या घरी अर्धं भांडण होऊन बसलं होतं. उरलेलं अर्धं तो दारात आल्यावर व्हायचं होतं.

भांडण उकरून काढलं होतं महेंद्रने. रविवार होता, कुरकुंभच्या प्लँटला त्याची साप्ताहिक सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी या माणसाला एक तरी माणूस बोलायला लागायचाच. आज मेव्हण्याची पाळी होती.

"तुझ्या भावानं दुकानात न खपलेला माल आपल्या गळ्यात मारलाय," तो स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला.

शितल भाकरी थापत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "तीनदा बदलून दिला त्यानं. भाच्याला बक्षीस म्हनून दिला, एक रुपया घेतला का तुमच्याकडनं?"

"तीनदा बदलावा लागला, ह्येच म्हनतोय मी."

"मग तुम्ही आना की पुन्यावरनं."

महेंद्र बाहेरच्या खोलीत आला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याची जागा म्हणजे दिवाणाचा डावा कोपरा, भिंतीला खेटून. गेली पंधरा वर्षं तो तिथंच बसायचा, पाहुणे आले तरी उठायचा नाही. पोरं म्हणायची, पप्पांची सीट रिझर्व्ह आहे. ती का रिझर्व्ह आहे हे फक्त शितलला माहीत होतं आणि तिने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाणाच्या मधोमध इंद्रजीत मांडीवर कंट्रोलर घेऊन बसला होता. चोवीस वर्षांचा पोरगा, आडव्या हाडाचा, बापापेक्षा वीतभर उंच. चार वर्षं कुरकुंभला कॉम्प्रेसर हाऊसमध्ये कंत्राटावर काढली, कंत्राट संपलं तेव्हा घरी बसून अभ्यास केला आणि रेल्वेची परीक्षा काढली. असिस्टंट लोको पायलट. या घरात त्या तीन शब्दांनी जे काही केलं होतं, ते सांगायला एक प्रकरण कमी पडलं असतं. इंद्रजीतचा आजा गँगमन होता. उन्हातान्हात रूळ ठोकत, इंजिन आलं की बाजूला होऊन हिरवी झेंडी धरत त्याचा जन्म गेला. त्याची बायको ताईबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि समोरच्या खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायची, "त्येंनी गाडीला वाट दिली. माझा नातू गाडी चालवनार हाय."

मंगळवारी मेडिकल होतं. ते झालं की ऑर्डर.

निकाल लागला त्या दिवशी जालिंदरमामाने फोनवर छाती ठोकून सांगितलं होतं, "भाचे, काय पायजेल ते माग." भाच्याने मागितला वायरलेस हेडसेट, तोही तीन हजारांच्या आतला, कारण मामाच्या दुकानाची ऐपत त्याला ठाऊक होती. प्लँटमधल्या एका बिहारी दोस्ताने गावी जाताना आपला जुना गेमिंग कन्सोल त्याला विकला होता. अभ्यासातून डोकं वर काढलं की तो तासभर त्यावर खेळायचा. पण टीव्ही बाहेरच्या खोलीत, ताईबाईची खाटही तिथंच. आवाज मोठा ठेवला तर म्हातारीला झोप नाही. वायरचा हेडफोन लावून बघितला, तर कंट्रोलरची खाच ढिली झालेली, म्हणून वायर थेट टीव्हीतून खोलीभर ओढली. त्या वायरीत पाय अडकून ताईबाई पडली आणि दीड महिना तिचा डावा हात गळ्यात होता. तेव्हापासून या घरात वायर नको हे ठरलं.

बिनवायरचा घेणंही सोपं निघालं नाही. पहिला ब्लूटूथचा होता, मोबाइलला झकास लागला, कन्सोलने त्याला ओळखच दिली नाही. मग जालिंदरने चौकशी केली, तेव्हा कळलं की कन्सोलला साधा ब्लूटूथ चालत नाही, सोबत एक नखाएवढं डोंगल लागतं, ते मागे खोचलं की आवाज पडद्यावरच्या गोळीबरोबरच येतो, उशिरा येत नाही. डोंगलवाला दुसरा आला. इंद्रजीत म्हणाला, डावी बाजू बारीक आहे. तिसरा आला, दुसऱ्या कंपनीचा. इंद्रजीत म्हणाला, ह्याचीही डावी बाजू गेलेली.

एखादा मान खाली घालून म्हणाला असता, राहू दे. महेंद्र राहू देणाऱ्यातला नव्हता. त्याने फोन करून मेव्हण्याला चार शब्द ऐकवले होते, त्यात "हलका माल" हे दोन शब्द होते, आणि शिरूरच्या बसस्टँडजवळ नऊ बाय दहाच्या गाळ्यात इमानाने मोबाइल विकणाऱ्या जालिंदरला ते दोन शब्द फार लागले होते.

न्हावरं, चौफुला करत तो बारा वाजता आला. मोटरसायकलवर मागे भाग्यश्री होती, महेंद्रची थोरली लेक. तिला शिरूरला दिलेली होती आणि तिथल्याच एका दवाखान्यात ती नर्स होती. भाऊ मेडिकलला जाणार म्हणून ती दोन दिवस राहायला आली होती.

"जय भीम, दाजी," जालिंदर दारातून म्हणाला. आवाजात इस्त्रीचा कडकपणा होता.

"जय भीम. आनला का?"

"आनला. आन् नुसता नवा न्हाई आनला." त्याने पिशवी दिवाणावर उपडी केली. चार खोकी पडली. "तुम्ही परत केलेले तीन बी आनलेत. त्येंचे पैशे मी कंपनीला मागितलेले न्हाईत अजून. चारी हेडसेट आज समद्यांसमोर लावून बघू. माझ्या मालात खोट निघाली, तर उद्या शटर खाली वढतो."

"मामा, एवढं कशाला?" इंद्रजीत कसनुसा झाला.

"तू गप. हे तुझ्यामाझ्यातलं न्हाई."

ताईबाई खाटेवरून म्हणाली, "आरं, आधी पानी तरी प्या. भांडान काय पळून चाललंय का?"

भाग्यश्री हसली. तिने पाण्याचा तांब्या दिला, चपला बाजूला सारल्या आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसली. "पप्पा, मामांना इतकं लागेल असं बोलायचं नव्हतं."

"आता तू बी तिकडची?"

"मी कुठलीच न्हाई. मला फक्त रस्सा पायजेल."

चौथा हेडसेट काळा होता, कानावर मऊ गाद्या, पुढे दांडीवर माइक. जालिंदरने स्वतः डोंगल खोचलं, स्वतः चार्जिंग दाखवलं, स्वतःच्या हाताने भाच्याच्या डोक्यावर चढवला आणि नवरदेवाला मुंडावळ्या बांधल्यासारखा दोन पावलं मागे सरकून बघत राहिला. माइक अजून जुळवला नव्हता म्हणून पार्टनरशी बोलायला इंद्रजीतने फोन स्पीकरवर टाकून दिवाणावर ठेवला. पार्टनर म्हणजे तोच बिहारी दोस्त, आता तो गावाकडून खेळायचा.

पडद्यावर एक पडकं शहर आलं. इंद्रजीतचा सैनिक भिंतीआडून सरकू लागला. शितल पिठाचे हात घेऊन दारात उभी राहिली.

"इंदर भाई, लेफ्ट में!" फोन ओरडला. "लेफ्ट में बंदा है! अरे, चल के आ रहा है, सुनाई नहीं देता क्या?"

सैनिक उजवीकडे वळला आणि डावीकडून मेला.

"अरे यार," फोन म्हणाला. "फिर वही."

इंद्रजीतने हेडसेट काढला, गादी दाबून बघितली, पुन्हा घातला. मग मामाकडे न बघता हळूच म्हणाला, "उजवी बाजू एकदम क्लिअर हाय मामा. डावीकडनं मातर..."

"बघ!" महेंद्रने मांडीवर थाप मारली. "चौथा बी तसलाच. आता वढ शटर."

जालिंदरचं तोंड बघवत नव्हतं. सकाळी नवऱ्याला धारेवर धरणारी शितल आता भावावर उलटली. "तुला कळत न्हाई का रं? दरवेळी त्याच व्यापाऱ्याकडनं माल का उचलतोस? लेकरू मंगळवारी जानार, त्याच्या जिवाला एवढा एक आनंद..."

"आक्का, शपथ घेऊन सांगतो. सकाळी चारी कानाला लावून बघितलेत मी. दोन्ही बाजू वाजत्यात."

"मग हिकडं आल्यावर काय व्हतंय त्येला?"

"आना बरं हिकडं," ताईबाई म्हणाली. "मला घाला. नातू दिसभर काय ऐकतो ते तरी बघू दे मला."

यावर सगळेच हसले, जालिंदरसुद्धा. भाग्यश्रीने हेडसेट आजीच्या पांढऱ्या केसांवर चढवला. तो इतका मोठा झाला की एका हाताने तिला तो धरून ठेवावा लागला. इंद्रजीतने खेळ पुन्हा चालू केला.

म्हातारीचे डोळे मोठे झाले. "आगं बाई. वारा हाय की ह्येच्यात." मग तिने मान वाकडी केली. "आन् हे हिकडं कोन चालतंय?"

"कुठं आजी?"

"हिकडं." जो हात मोडला होता तोच तिने वर केला आणि डाव्या कानाशी नेला. "पाचोळ्यावरनं चालतंय बग. जवळ आला. आरं, आला आला, मागं बग की मुडद्या!"

पडद्यावर डाव्या बाजूने एक माणूस बंदूक रोखून बाहेर आला.

"बघा!" जालिंदरने टाळी वाजवली. "आत्यांना ऐकू येतंय! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मानसाला डाव्या बाजूचं ऐकू येतंय. हाय का माल हलका? दाजी, बोला आता!"

महेंद्र हसत होता. हरल्याचंही त्याला हसू आलं होतं, कारण आई "मुडद्या" म्हणाली ते त्याला फार आवडलं होतं. हसता हसता त्याचं लक्ष भाग्यश्रीकडे गेलं. ती हसत नव्हती. ती भावाकडे बघत होती, आणि दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांचं तोंड कधीकधी होतं, तसं तिचं तोंड झालं होतं. तिला काय सुचलंय हे ती बोलायच्या आधी महेंद्रला कळलं होतं.

"इंद्रा, हा घाल परत," ती म्हणाली. "पन उलटा घाल. डावी बाजू उजव्या कानाला."

"कशाला?"

"घाल तर."

त्याने उलटा घातला. खेळ चालू झाला. त्याने दोन्ही गाद्या कानांवर दाबल्या आणि म्हणाला, "आता ती दुसरी बाजू बारीक झाली."

"कुठल्या कानात बारीक झाली?"

इंद्रजीतने बाकीचे तीन हेडसेट एकेक करून घातले, उलटे आणि सुलटे. कुणी त्याला थांबवलं नाही. जालिंदरच डोंगल बदलून देत होता, आणि प्रत्येक वेळी आशेने विचारत होता, "हा? हा बरा हाय का?"

शेवटी भाग्यश्री भावाच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने त्याच्या उजव्या कानावर तळहात घट्ट दाबला आणि डाव्या कानापासून हातभर अंतरावर वाकली. "मी गाडीची स्टेशनं म्हनते. तू माझ्या मागनं म्हन."

ती कुजबुजली, "पाटस."

"पाटस," इंद्रजीत म्हणाला.

"कडेठाण."

"कडेठाण."

शितलने डोळे मिटले. तिच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणं चालू होतं. केडगाव झालं, खुटबाव झालं, यवत झालं. प्रत्येक स्टेशनाला इंद्रजीत बरोबर उत्तर देत होता आणि जालिंदरच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. महेंद्र मात्र दिवाणाची कड धरून बसला होता. दौंडात जन्मलेल्या पोराला पुण्यापर्यंतची स्टेशनं झोपेत म्हणता येतात. ऐकायची गरजच काय?

भाग्यश्रीही दौंडातलीच. ती थांबली आणि मग कुजबुजली, "शिरूर."

"उरुळी," इंद्रजीत म्हणाला.

शिरूरला रेल्वेच नाही. इंद्रजीतने एकेकाचे चेहरे बघितले आणि चुकलेलं त्याला कळलं. फोनमधून दोस्त विचारत होता, "भाई, खेलना है कि नहीं?" त्याने फोन बंद केला.

"मळ असंल," शितल म्हणाली. "काढून टाकू. गरम तेल घालते मी."

"आई, तेल न्हाई घालायचं." भाग्यश्री खाली बसली, भावाच्या समोर. "कवापासनं हाय?"

"मला वाटलं हेडसेटच..." तो म्हणाला. मग डावा कान चोळत, "लई दिवसांपासनं असंल. फोन मी उजवीकडंच लावतो. कळत न्हाई गं. एकीकडनं कमी येतंय हे कळतच न्हाई."

"प्लँटमदी कानात घालायचे बोळे देत न्हवते का?"

"द्यायचे की. पिवळे, स्पंजचे. रोज नवीन."

"मग?"

"मी एकच घालायचो. उजव्या कानात."

"एकच? का?"

इंद्रजीतने मान वर केली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, सगळीकडे बघितलं, फक्त बापाकडे बघितलं नाही.

"तिथं समदे तसंच घालतेत," तो म्हणाला.

समदे तसं घालत नव्हते. महेंद्रला ते चांगलं माहीत होतं. तसं घालणारा तिथं एकच माणूस होता.

वीस वर्षांपूर्वी त्याच कानठळ्या बसवणाऱ्या कॉम्प्रेसर हाऊसमध्ये म्हाळू नावाचा त्याचा जोडीदार होता. नियमाला धरून चालणारा, दोन्ही कानांत बोळे घालणारा. एक दिवस वाफेच्या पाइपाचा जोड सुटला. महेंद्र ओरडला, तीनदा ओरडला. म्हाळू पाठमोरा उभा राहून मीटरचे आकडे लिहीत राहिला. त्याला उचललं तेव्हाची त्याची पाठ महेंद्रला अजून दिसायची. त्या दिवसापासून महेंद्रने मशिनीकडच्या कानात बोळा घातला आणि वाटेकडचा, डावा कान उघडा ठेवला. आणि चौदा वर्षांनी लेकाला त्याच जागेवर लावून दिला तेव्हा पहिल्या दिवशी गेटवर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "डावा कान कायम उघडा ठेव. कुनी हाक मारली तर कळली पायजे. मशीन मानसाला हाक मारत न्हाई." पोराने चार वर्षं ते पाळलं. बापाचा एक शब्द त्याने खाली पडू दिला नाही. तोवर महेंद्रचा स्वतःचा डावा कान जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि तरीही त्याला हे सुचलं नाही. पोराचा जीव वाचावा एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"मंगळवारी कसं व्हायचं?" जालिंदरने विचारलं. त्याचा सगळा राग उतरला होता. "पुढं ढकलता येतंय का?"

"ढकलून काय करनार मामा? गेलेलं येत न्हाई ते," भाग्यश्री म्हणाली.

"न्हाई कसं येत?" शितल एकदम म्हणाली. "आन् नसंना का आलं. ह्येंना इचारा की. दरवर्षी ह्ये कसे पास व्हतेत?"

महेंद्रने बायकोकडे बघितलं. पंधरा वर्षं झाकून ठेवलेलं तिने एका दमात उघडं केलं होतं. तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. लेकराच्या नोकरीपुढे तिला नवऱ्याची लाज मोठी वाटत नव्हती.

"म्हंजी?" ताईबाई म्हणाली. "म्हयंद्राला बी?"

"डावा. कवाच गेलाय," शितल म्हणाली. "म्हनून त्या कोपऱ्यात बसत्यात. बोला की हो. सांगा त्येला कसं करायचं ते."

भाग्यश्री आपल्या जागेकडे बघत होती. ती आल्या आल्या वडिलांच्या उजव्या हाताला बसली होती. लहानपणापासून तिथंच बसायची.

"कंपनीत व्हॅन येती," महेंद्र खाली बघून म्हणाला. "कानाला लावत्यात आन् हातात बटन देत्यात. आवाज आला की दाबायचं. समोर पोरगं बसलेलं असतं, त्येचा हात हलला की मी दाबतो."

"झालं तर मग," शितल म्हणाली. "इंद्रा, कळलं का?"

"आई, रेल्वेच्या दवाखान्यात पाठ करून बसवतेत. बंद खोलीत," भाग्यश्री म्हणाली. "कुनाचाच हात दिसत न्हाई. आन् समजा दिसला. समजा झाला पास. गाडी चालवायचीय त्येला. मागं हजार मानसं बसनार."

"तू नर्सबाई तुझ्या घरी," शितल कडाडली. "तुझा नवरा परमनंट हाय. ह्या पोरानं दोन वर्षं डोळे फोडून अभ्यास केला, त्येचं काय?"

"मला काय त्येचं वाईट वाटत न्हाई?" भाग्यश्रीचा आवाज फुटला. ती उठून आत गेली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा शितलही आत गेली. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज आला नाही, नुसता रडण्याचा आला. कुणाचा ते महेंद्रला ओळखता येईना.

ताईबाई खाटेवरून उतरली आणि नातवाजवळ आली. तिने त्याचा डावा कान हातात घेतला, लहान पोराचा धरावा तसा. "ऐकू आलं असतं तर तुझ्या आज्यानं हाक मारली असती रं तुला," ती म्हणाली, आणि तिला काय म्हणायचं होतं ते तिलाही नीट कळलं नाही. ती परत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

इंद्रजीत खोकी आवरायला लागला. प्रत्येक हेडसेट त्याच्या खाचेत बसवला, डोंगल त्याच्या पुडीत, कागद त्याच्या घडीत. "मामा, चारी चांगले हायत," तो म्हणाला. "मी उगंच तुम्हाला हेलपाटे घालायला लावले. पप्पा पन उगंच बोलले."

जालिंदरने त्याच्या हातातून खोकी घेतली. भला माणूस होता. "न्हाई रं. माल खराबच हाय. चारी खराब हायत. दाजी म्हनले तेच खरं हाय. मी परत देतो कंपनीला."

सकाळी याच वाक्यासाठी महेंद्रने आकाशपाताळ एक केलं असतं. आता ते ऐकून त्याला मेव्हण्याच्या पाया पडावंसं वाटलं. माल खराब असता तर. चारच काय, चाळीस हेडसेट खराब निघाले असते तरी चालले असते. इंद्रजीतलाही तेच हवं असणार, म्हणून तर तो एकामागून एक बदलत राहिला. जोवर दोष हेडसेटचा होता तोवर कान शाबूत होता.

"एक ठेवतो मी," इंद्रजीत म्हणाला. "हा चौथा. आजीला झोपायचंय. आवाज मोठा नको."

जालिंदर अंगणात जाऊन मोटरसायकल पुसत बसला. ती स्वच्छच होती.

खोलीत बापलेक उरले. इंद्रजीतने हेडसेट घातला आणि खेळ चालू केला. मंगळवारी जाणार की नाही यावर तो काही बोलला नव्हता. बहुतेक जाईल, असं महेंद्रला वाटलं. डबा घेऊन, सर्टिफिकिटांची फाइल घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून जाईल, त्या बंद खोलीत पाठ करून बसेल आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत येईल. मग परत कुरकुंभ. दुसरं कोण घेणार त्याला? लाईनवरून मालगाडी जात होती. तिचा आवाज महेंद्रच्या उजव्या कानात भरला. पोराने मान वर केली नाही.

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तुम्हीच सांगितलं होतं" एवढं चारचौघांत म्हणाला असता तर महेंद्रने ते डोक्यावर घेतलं असतं. पण त्याने बापाला झाकलं होतं. कान गेला तेही कळलं, नोकरी गेली तेही कळलं, आणि त्याच घटकेला त्याने आधी बापाची अब्रू राखली. महेंद्रला ते सोसवेना.

तो आपल्या कोपऱ्यातून थोडा पुढे सरकला.

"मीच सांगितलं होतं तुला," तो म्हणाला. "उघडा ठेव म्हनून. माझ्यामुळं गेला रं तुझा कान. समद्यांसमोर म्हनायचं होतंस. मी कायबी म्हनलो नसतो."

इंद्रजीतचे अंगठे कंट्रोलरवर चालत होते.

महेंद्र थांबला. मग त्याला कळलं. पोरगा आपल्या उजव्या हाताला यावा म्हणून तो इतकी वर्षं या कोपऱ्यात बसत होता. म्हणजे तो स्वतः पोराच्या डाव्या हाताला होता. आजच नव्हे, रोजच. कानावर गादी नसती तरी इथून बोललेलं तिकडे पोचलं नसतं. आता एकमेकांचं ऐकायचं तर या दोघांना समोरासमोर बसणं भाग होतं, तोंडाकडे बघत. त्यासाठी उठायचं होतं, दोन पावलं चालून टीव्हीच्या आड उभं राहायचं होतं, आणि तेच सगळं पुन्हा एकदा, पोराच्या डोळ्यांत बघून म्हणायचं होतं.

त्याने उठायला दिवाणाची कड धरली. पाय जमिनीला टेकवले. आणि तसाच बसून राहिला.

पडद्यावर डावीकडून कुणीतरी आलं आणि इंद्रजीत पुन्हा मेला. त्याने हेडसेट मानेवर उतरवला. शेजारी हालचाल दिसली म्हणून वळून त्याने विचारलं, "पप्पा, काय म्हनला का?"

"न्हाई," महेंद्र म्हणाला. "आई जेवायला बोलावतीय."

कुणीही बोलावलं नव्हतं. पण इंद्रजीत लगेच उठला, आणि आपल्याला ऐकू आलं नाही म्हणून बापाची माफी मागून आत गेला.